कमरेवरचा पूल : एक दोर, एक गाठ आणि एक जीव

विद्यार्थी मित्रांनो, ‘पूल’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? नदीवरचा पूल, रेल्वेचा पूल, फार तर आपल्या नागपुरातला उड्डाणपूल. आज मी तुम्हाला हातभर लांबीच्या एका पुलाची ओळख करून देणार आहे. हा पूल माणसाच्या कमरेसमोर असतो आणि त्यावरून फक्त एक कडं ये-जा करतं. पण त्या कड्याला एका माणसाचा पूर्ण जीव टांगलेला असतो. झाडावर चढून काम करणाऱ्याच्या हार्नेसवरचा हा दोराचा पूल.

हा विषय का घेतला?

आपल्या सक्करदऱ्यात, तलावाच्या आजूबाजूच्या जुन्या वस्त्यांत, कडुनिंब, पिंपळ, चिंच अशी मोठी झाडं आजही घरांना खेटून उभी आहेत. मे महिन्यात वावटळी सुटल्या की फांद्या तारांवर, पत्र्यांवर आपटतात. मग पावसाआधी छाटणी करणाऱ्या भाऊंना बोलावणं जातं. तुम्हीही पाहिलं असेल, चपला बुंध्याशी, कोयता कमरेला आणि पोटाभोवती बाजारातली निळी प्लास्टिकची दोरी.

आमच्या गल्लीत दरवर्षी येणाऱ्या भाऊंना मी एकदा हार्नेस दाखवला. त्यांचा मुलगा तेव्हा माझ्याच वर्गात होता. ते हसले. म्हणाले, “सर, बारा वर्षं झाली चढतो. आतालोक काई झालं नाई. हे एवढं बांधाबांध कायले?”

मी म्हटलं, “भाऊ, याच्यात बसलं की दोन्ही हात मोकळे राहतात.”

“हात मोकळे? मंग तं पाहा लागन!”

मित्रांनो, पडण्याची भीती त्यांना पटली नसती. मोकळे हात मात्र लगेच पटले. पण खरी गोष्ट भीतीचीच आहे. नुसत्या पोटाला बांधलेल्या दोरीवर माणूस लोंबकळला, तर दोरी बरगड्यांखाली रुतते आणि काही मिनिटांतच श्वास कोंडू लागतो. हार्नेसमध्ये भार मांड्यांवर आणि कमरेच्या हाडावर वाटला जातो. माणूस लोंबकळत नाही, बसतो.

पूल म्हणजे नेमकं काय?

हार्नेसच्या पुढच्या बाजूला डावीकडे आणि उजवीकडे एकेक मजबूत कडी असते. या दोन कड्यांना जोडणारा आखूड दोर म्हणजे पूल. पुलावर एक धातूचं कडं सरकतं आणि वरून येणारा चढाईचा दोर त्या कड्याला जोडतात. माणूस डावीकडे वळला की कडं डावीकडे सरकतं, त्यामुळे कंबर पिळली जात नाही. पूल लहानमोठा करता आला तर आणखी सोय होते. सरळ बुंध्यालगत वर जाताना आखूड पूल बरा, कारण दोर हाताशी राहतो. आडव्या फांदीवर टोकाकडे जाताना लांब पूल बरा, कारण अंग मोकळेपणी वळतं.

तो कसा बांधतात?

1. झाडावरच्या कामासाठीच बनवलेला, 11 ते 12 मिलिमीटर जाडीचा दोर घेतात. बांधायला साधारण सव्वा मीटर पुरतो.
2. एक टोक डाव्या कडीला दुहेरी फासगाठीने कायमचं पक्कं करतात.
3. दोरात सरकतं कडं ओवतात. गाठी आधी मारल्या तर कडं ओवता येत नाही, म्हणून हा क्रम चुकवायचा नाही.
4. उष्णता सोसणाऱ्या 8 मिलिमीटरच्या बारीक दोराचा बंद फास करतात. तो दुहेरी कोळीगाठीने जोडतात आणि गाठीबाहेर चार बोटं टोक सोडतात.
5. हा फास पुलाच्या दोरावर तीन वेढे देऊन बांधतात आणि त्याचं दुसरं टोक उजव्या कडीला अडकवतात. हीच प्रुसिक गाठ. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ती 1931 साली लोकांसमोर मांडली. सह्याद्रीत चढाई करणारे आपले गिर्यारोहकही ती वापरतात.
6. दोराच्या मोकळ्या शेपटाला एक जाड अडगाठ मारतात. प्रुसिक घसरली तरी दोर तिच्यातून निसटू नये, म्हणून ही शेवटची राखण.

भार पडला की वेढे दोर आवळतात आणि गाठ जागची हलत नाही. पाय फांदीवर टेकून भार काढला, गाठ बोटांनी सैल केली, की ती सरकते. ज्या ओढीनं माणूस पडणार, तीच ओढ गाठ घट्ट करते! दोरीच्या मल्लखांबात दोराला गाठ मारत नाहीत. तिथे मल्ल दोराचे वेढे स्वतःच्या अंगाभोवती घेतो आणि घर्षणावर तोल धरतो. शास्त्र तेच.

थोडं गणित

सर, पूल जितका आखूड तितका मजबूत ना? असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. कड्यापासून दोराच्या दोन बाजू निघतात. त्यांच्यातला कोन 60 अंश असेल, तर 70 किलोच्या माणसासाठी प्रत्येक बाजूवर सुमारे 40 किलोचा ताण येतो. कोन 120 अंश झाला की प्रत्येक बाजूवर पूर्ण 70 किलो. आणि पूल इतका आखूड केला की कोन 150 अंश झाला, तर प्रत्येक बाजूवर सुमारे 135 किलो! माणूस तोच, ताण जवळजवळ दुप्पट. शिवाय आखूड पूल दोन्ही कड्या आत ओढतो आणि कंबर चिमटली जाते. विज्ञानाच्या पुस्तकातला बलांचा समांतरभुज चौकोन तो हाच.

निळ्या दोरीत काय वाईट?

बाजारातली ती दोरी बहुधा पॉलिप्रोपिलीनची असते. ती साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळते, तर पॉलिएस्टर सुमारे 250 अंशांच्या पुढे. दोर दोरावर जोरात घासला की उष्णता होते. त्यात नागपूरचं ऊन! उन्हानं प्लास्टिकचे तंतू कडक होतात, भुसा पडू लागतो. गोठ्यात दावं म्हणून ती चालेल, जीव टांगायला नाही.

पूल रोज चढण्याआधी बोटांनी चाचपायचा. कुठे मऊ पडला, चकाकला, तंतू उसवले, की तो बदलायचा. पूल स्वस्त आहे म्हणूनच तो झिजू द्यायचा आणि वेळेवर फेकायचा. नवा पूल आधी जमिनीपासून फूटभर उंचीवर, पूर्ण भार टाकून, गाठ वरखाली सरकवून पाहायचा. आणि मित्रांनो, हे वाचून तुम्ही झाडावर चढायचं नाही. ही गाठ टेबलाच्या पायाला बांधून शिका. चढणाऱ्यानं जाणकाराच्या नजरेखाली शिकावं आणि तयार, प्रमाणित पूल मिळत असेल तर तोच घ्यावा.

आणखी एक. शहरात झाड तोडायला परवानगी लागते. त्यासाठी 1975 चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाडासाठी कायदा आहे, ही चांगलीच गोष्ट. पण फांदी छाटायला बोलावताना आपण भाऊंना पैसे किती, एवढंच विचारतो. “कशाला बांधून चढणार?” हे कोणी विचारत नाही. यंदा तुमच्या दारी ते आले, तर तुम्ही विचारा. हार्नेसचा खर्च चार घरांनी मिळून केला तर कुणालाच जड नाही.

शब्दार्थ

दावं – गुरं बांधायची दोरी
वेढा – गोल फेरा
राखण – रक्षण, पहारा

स्वाध्याय

1. प्रुसिक गाठ भार असताना का सरकत नाही?
2. माणसाचं वजन 60 किलो आणि कोन 120 अंश असेल, तर पुलाच्या प्रत्येक बाजूवर किती ताण येईल?
3. तुमच्या परिसरात उंचावर काम करणाऱ्या एका व्यक्तीशी बोला. ती स्वतःला कशानं बांधते, ते दहा ओळींत लिहा.