पाचव्या अंकातला नवरा
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काय वाचते याची घरात सगळ्यांना उत्सुकता असते आणि वाचलेले मला कळते की नाही याची काळजी मला एकटीला असते. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी ओट्यावर बसून ग्रंथालयातून आणलेले एक जुने इंग्रजी नाटक वाचत होते. आण्णा डबा घेऊन साखर कारखान्यावर निघाले होते. जाता जाता त्यांनी विचारले, "काय नाव पुस्तकाचं?"

मी म्हटले, "लव्हज लास्ट शिफ्ट."

तीस वर्षे कारखान्यात काढलेल्या माणसाला 'शिफ्ट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आण्णा म्हणाले, "शेवटची शिफ्ट म्हणजे रात्रपाळी. बिचाऱ्याला आमच्यासारखी रात्रपाळी लागली वाटतं!" आणि हसत हसत सायकलवर बसून निघून गेले.

आता येथे 'शिफ्ट' म्हणजे युक्ती, शेवटचा उपाय. पण त्या काळी बायकांच्या आतल्या झग्यालाही शिफ्टच म्हणत. कुणा फ्रेंच माणसाने या नावाचे भाषांतर 'प्रेमाचा शेवटचा सदरा' असे केले होते, असा किस्सा सांगतात. तेव्हा चुकणारे आमचे आण्णा एकटेच नव्हेत. शिवाय नाटक वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की आण्णांचे फारसे चुकलेही नव्हते. त्या नाटकातली युक्ती रात्रीच पार पडते. असो.

हे नाटक जानेवारी 1696 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. लिहिणारा कॉली सिबर नावाचा नट होता आणि त्याचे वय अवघे चोवीस. आदल्याच वर्षी कंपनीतली बडी बडी नटमंडळी भांडून बाहेर पडली होती आणि त्यांनी वेगळे थिएटर काढले होते. मागे राहिलेल्यांत या पोराला कोणी मोठी भूमिका देईना. तेव्हा त्याने स्वतःच नाटक लिहिले आणि त्यात स्वतःसाठी एका नटव्या सरदाराची झकास भूमिका लिहून घेतली. आपल्या गॅदरिंगमध्ये भूमिका न मिळाल्याने रुसून बसणाऱ्यांनी हा धडा घ्यावा.

नाटकाचा नायक लव्हलेस. याच्या नावातच प्रेमाचा अभाव. अमांडा नावाच्या सद्गुणी मुलीशी त्याने लग्न केले, सहा महिन्यांत तिला कंटाळला, कर्ज करून परदेशी पळाला आणि तिथे आठदहा वर्षे सगळे चाळे करून, खिसा फाटल्यावर लंडनला परतला. बायको मेली अशी त्याची समजूत. पण अमांडा जिवंत आहे, सधन आहे आणि अजून त्याच्याच नावाने बसली आहे. देवीच्या आजाराने तिचा चेहरा थोडा बदलला आहे. मग एक मित्र युक्ती काढतो. अमांडाने अनोळखी सुंदरी बनून आपल्याच नवऱ्याला भुरळ घालायची! लव्हलेस जाळ्यात सापडतो. सकाळी ती सांगते, की मी तुझी बायको. झाले! गडी विरघळतो, पाया पडतो आणि सुधारतो. हे सगळे पाचव्या अंकात. त्या प्रसंगी प्रेक्षकांच्या डोळ्यांना पाणी आले, असे पुढे लिहून ठेवलेले आहे. गंमत अशी, की शेवटच्या भाषणात नाटककारच शौकीन प्रेक्षकांना समजावतो, की रागावू नका, चार अंकांहून अधिक वेळ आमचा नायक तुमच्यासारखाच वागला आहे ना!

वर्गात सरांनी हे सांगितले तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. मागच्या बाकावरून कोणीतरी "वाल्याचा वाल्मीकी झाला!" असे म्हणाले, तर दुसरा म्हणाला, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." सर म्हणाले, "बरोबर. या दुसऱ्या म्हणीवर त्याच वर्षी दुसरे नाटक आले."

ते नाटक म्हणजे 'द रिलॅप्स'. लेखक जॉन व्हॅन्ब्रा. हा मनुष्य सैनिक होता, फ्रान्सच्या तुरुंगात राहून आलेला होता आणि पुढे ब्लेनहाइमसारख्या राजवाड्याचा वास्तुशिल्पी झाला. सिबरचे नाटक पाहून त्याला प्रश्न पडला असावा, की हा गृहस्थ सुधारला खरा, पण सहाव्या अंकात काय झाले? नोव्हेंबर 1696 मध्ये त्याच ड्रुरी लेनवर त्याचे उत्तर आले. लव्हलेस आणि अमांडा खेड्यात सुखाने नांदत आहेत. काही कामानिमित्त लंडनला जायचे ठरते. लव्हलेस छाती ठोकून सांगतो, की आता मला कसलाही मोह उरला नाही. आणि तिथे पोहोचताच नाटक पाहायला गेला असता याची नजर एका बाईवर जाते. ती निघते अमांडाची नात्यातली, बेरिंथिया नावाची विधवा. बिचारी अमांडाच तिला आग्रहाने घरी राहायला ठेवून घेते! पुढचे सांगायला नको. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच.

मला सगळ्यांत आवडली ती मात्र वेगळीच गोष्ट. सिबरच्या नाटकाची अशी टर उडवणाऱ्या या नाटकात तो नटवा सरदार पुन्हा येतो, आता पैसे मोजून 'लॉर्ड' झालेला. आणि ती भूमिका केली कोणी? खुद्द सिबरने! आपल्याच नाटकाचा शेवट खोटा ठरवणाऱ्या नाटकात तो रंगमंचावर उभा राहिला आणि लोकांना मनसोक्त हसवले.

हे सगळे मी परीक्षेत लिहिले असते आणि विसरले असते. पण त्याच आठवड्यात मामांनी ताईसाठी स्थळ आणले.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावीनंतर तिची शाळा थांबली. तिच्या शिलाई मशीनच्या पैशांतून माझी पहिल्या वर्षाची फी भरली गेली. मुलाचे तालुक्याला दुकान, घर पक्के, देण्याघेण्याची अट नाही. फक्त मामा जाता जाता हळूच म्हणाले, "पूर्वी जरा उनाड होता. दोनचार ठिकाणी नाव झालं होतं. पण आता माळ घातलीय. आणि लग्न झालं की पोरगा सुधारतोच." आईने मान डोलावली. शेजारच्या काकूंनीही डोलावली. जणू लग्न हे औषध आणि ताई ही त्या औषधाची बाटली.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ताईने विचारले, "तुझ्या त्या नाटकात काय होतं गं? एकटीच हसत होतीस ते." मी तिला पहिले नाटक सांगितले. वेषांतराच्या ठिकाणी तीही खूप हसली. मग गप्प झाली. थोड्या वेळाने अंधारातून प्रश्न आला, "मग ती अमांडा दहा वर्षं काय करत होती?"

मला उत्तर आले नाही. वर्गातल्या साठ जणांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. लव्हलेसने त्या वर्षांत काय काय केले हे सारे नाटकभर चवीने सांगितलेले आहे. अमांडाने काय केले? वाट पाहिली. ती एका ओळीत संपते. मी म्हटले, "तिच्याजवळ पैसा होता गं." ताई म्हणाली, "माझ्याजवळ मशीन आहे."

मग मी तिला दुसरे नाटक सांगितले. यात एक देखणा पुरुष अमांडाच्याही मागे लागतो आणि नवऱ्याचे प्रताप कळलेले असूनही ती ढळत नाही. उलट तिच्या निश्चयापुढे तो पुरुषच क्षणभर का होईना, बदलतो. आणि लव्हलेसचे काय? नाटक ते सांगतच नाही. नवरा-बायकोचा हिशेब मिटवल्यावाचूनच पडदा पडतो. ताई एवढेच म्हणाली, "म्हणजे दोन्ही नाटकांत परीक्षा तिचीच."

आमच्या वाल्याच्या गोष्टीत तसे नाही. वाल्याच्या बायकोने स्वच्छ सांगितले होते, की तुझ्या पापाची वाटेकरी मी नाही. त्यानंतर वाल्या एकटा बसला आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत बसला. सुधारण्याचे काम त्याने स्वतःचे स्वतः केले, बायकोकडून करून घेतले नाही.

सकाळी आण्णा रात्रपाळीहून आले तेव्हा ताईने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "मला सहा महिने हवेत. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सहा महिने जाऊ देत. तोवर मला त्याच्याशी दोनतीनदा बोलू द्या, सगळ्यांच्या समोर चालेल." आईच्या हातातले पोळपाट थांबले. मामा तर संध्याकाळी येऊन ओरडलेच, की अशाने स्थळ हातचे जाईल, त्याला अपमान वाटेल. माझ्या मनात आले, की सिबरला तर साऱ्या लंडनसमोर असा प्रश्न विचारला गेला आणि तो त्याच रंगमंचावर हसत उभा राहिला. जो खरा सुधारला त्याला एका प्रश्नाचा एवढा अपमान कशाला वाटावा? पण मामांना ड्रुरी लेन कुठून सांगणार!

सांगावे लागलेही नाही. आण्णा म्हणाले, "पोरगा सुधारला असेल तर सहा महिन्यांनीही सुधारलेलाच असेल. त्यात नुकसान कुणाचं?" मामा गप्प झाले.

हे मी ताईला विचारूनच लिहिते आहे. "तुझ्या मासिकात छाप, पण मला अमांडा करू नकोस," एवढेच ती म्हणाली.

मुलाकडून नकार आलेला नाही. दोन वेळा येऊन गेला. ताईच्या प्रश्नांनी एकदा चिडला आणि एकदा खरे बोलला. कोणत्या वेळी काय, ते ताई सांगत नाही. सहा महिने पुरे व्हायला अजून दोन महिने आहेत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या दारी मांडव असेल किंवा नसेल.

आण्णांची पुन्हा रात्रपाळी सुरू आहे. काल डबा घेताना त्यांनी विचारले, "काय गं, त्या लव्हलेसचं शेवटी काय झालं?"

मी म्हटले, "लिहिणाऱ्यानं तिथंच सोडलंय, आण्णा."

"बरं," आण्णा सायकलवर बसत म्हणाले, "मग आपण बघू."