साखळी होती का?



मी कविता लिहिणारा माणूस. लातुरात डाळ मिलमध्ये कामाला आहे. पाळी सुटली की मुनीमजींनी फेकलेल्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहितो. अंगाला तुरीची चुनी चिकटलेली असते, ती कागदावर गळते. या खेपेला संपादक म्हणाले, गद्य दे. गद्य म्हटलं की मला हिशेब आठवतो. म्हणून हिशेबच लिहितो. बत्तीस हजार रुपयांचा हिशेब आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.

मूळचा मी निलंगा तालुक्यातला. आमच्या वस्तीपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. दसरा झाला की वस्तीत जीप यायला लागते, दिवाळीच्या आगंमागं ट्रक आणि ट्रॅक्टर. भांडी, गोधड्या, शेळी, लेकरं असं सगळं वर चढतं आणि वस्ती रिकामी होते. मागं म्हातारी राहतात, कुत्री राहतात, आणि शाळेच्या पटावर लेकरांची नावं राहतात. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायकोला स्वतःचा आकडाच नाही. उचल कोयत्यावर मिळते, अंगठा नवऱ्याचा लागतो, मोळ्या बायकोच्या डोक्यावर असतात.

२०२१ च्या दसऱ्याला माझ्या थोरल्या भावानं, दादानं, साठ हजार उचल घेतली. घरावर पत्रे टाकायचे होते. पत्रे पडले. दादा, वहिनी आणि तीन वर्षांचं लेकरू फडावर गेले. माघात वहिनीला ताप धरला, उठेचना. एकोणीस दिवस खाडा पडला. खाडा म्हणजे काय, ते शहरातल्या दोस्तांना सांगतो. कामावर नाही आलात तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड चढतो. दिवसाला पाचशे. एकोणीस पाचशे साडेनऊ हजार. दवाखान्याचे सहा हजार मुकादमानं भरले, तेही वहीत. वही मुकादमाची, पेन्सिल मुकादमाची, बेरीज मुकादमाची. दादाला सातवीपर्यंतचं गणित येतं, पण वही त्याच्या हातात कधी आलीच नाही.

एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. सगळे कोयते गावाकडं आले. दादाचा आला नाही. मुकादम म्हणाला, बत्तीस हजार बाकी निघते, ती फेडून जा. त्यानं तिघांना तिकडंच एका वीटभट्टीवर नेऊन टाकलं. फोन काढून घेतला. लेकराचं आधार कार्ड "जपून ठेवतो" म्हणून घेतलं. कुंपण नव्हतं, कुत्रं नव्हतं. फाटकाजवळ एक माणूस मोटारसायकलीला टेकून झोपायचा, बस. एका रात्री दादानं विटा न्यायला आलेल्या ड्रायव्हरच्या फोनवरून मला फोन लावला. बोलला काहीच नाही. नुसता "माय बरी हाय का" म्हणाला आणि ठेवून दिला. मी तो नंबर परत लावला, तेव्हा ड्रायव्हरनं गाव सांगितलं.

माय आणि मी लाल डब्ब्यानं गेलो. दोन गाड्या बदलल्या. आधी एका कचेरीत गेलो. त्या कचेरीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की ती एकटी दोषी होते आणि बाकीच्या सुटतात. टेबलामागचा साहेब म्हणाला, "उचल घेतली होती ना? मग हा व्यवहार आहे. व्यवहारात आम्ही पडत नाही." मग चौकीत गेलो. तिथल्या जमादारानं विचारलं, "साखळीनं बांधलंय का?"

मी म्हणालो, नाही.

"मारलंय?"

"माहीत नाही साहेब."

"मग कसलं डांबलंय? उचल खाल्ली तर फेडाय नको?"

माय म्हणाली, "खाल्ली न्हाई सायेब. सहा महिनं फेडलीच की."

तो हसला. वाईट माणूस नव्हता बहुतेक. पाण्याचा तांब्या पुढं केला त्यानं. पण त्याच्या डोक्यात गुलामाचं एकच चित्र होतं, आणि त्या चित्रात साखळी होती.

मग आम्ही काय केलं? विकत घेतला आमचा माणूस. मायनं दोन शेळ्या विकल्या, बारा हजार आले. वीस हजार मी डाळ मिलच्या शेठकडून उचलले, महिन्याला दोन हजार पगारातून कापायच्या बोलीवर. बघा, भाऊ उचलीतून सोडवायला मी उचल घेतली! मुकादमानं नोटा मोजल्या, वहीत आडवी रेघ मारली, पावती दिली नाही. लेकराचं आधार कार्ड मात्र खरंच जपून ठेवलं होतं त्यानं, प्लास्टिकच्या पिशवीत.

ही गोष्ट मी दोन वर्षं कुणाला सांगितली नाही. लाज वाटायची. मोर्च्यात घसा कोरडा करणारा मी, आणि भावाची किंमत गुपचूप मोजून आलेला.

मग २०२३ च्या जूनमध्ये जेवणाच्या सुट्टीत पेपर वाचला. लातूरहून बार्शीच्या रस्त्यानं मुरूड ओलांडलं की ढोकी लागतं, धाराशिव जिल्ह्यात. त्या ढोकी ठाण्याच्या पोलिसांनी अकरा मजूर सोडवले होते. विहिरी खोदायला आणलेले. बातमी अशी, की अहमदनगरला कामाच्या शोधात आलेली ही माणसं दलालानं दोन ते पाच हजाराला एकेक करून ठेकेदारांना विकली. दिवसभर विहिरीत खोदकाम, बारा-बारा तास आणि वर. खायला एकदाच. परसाकडंही विहिरीतच, आणि ती घाण टोपल्यातून वर काढायची. रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीनं बांधायचे. त्यातला एक जण निसटला, हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोहोचला, तिथल्या पोलिसांना त्यानं सांगितलं आणि तिथून ढोकीला निरोप आला. वाखरवाडीच्या विहिरीवर काही सापडले, बाकीचे खामसवाडीला. गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० खाली नोंदवला. माणसांच्या व्यापाराचं कलम.

हातातली भाकर तशीच राहिली. साखळी होती तर कायदा उठून उभा राहिला. बरं झालं उठला. त्या पोलिसांना मी मनातल्या मनात जयभीम घातला. पण माझ्या डोक्यात जमादाराचा प्रश्न घुमायला लागला. साखळी होती का?

तेव्हापासून कायदा वाचायला लागलो. वस्तीजवळच्या विहाराच्या कपाटात एक जुनं पुस्तक होतं, एका वकील दोस्तानं काही झेरॉक्स दिल्या. इंग्रजी येत नाही, अडलं की त्यालाच विचारलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही वस्त्यांमध्ये फिरता, आणि माझ्यासारखाच तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अॅट्रॉसिटीचा कायदा पाठ आहे आणि हा नाही.

बाबासाहेबांच्या घटनेत कलम २३ आहे. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी, दोन्हींना एकाच वाक्यात मनाई. दोन्ही एकाच दावणीची जनावरं आहेत हे घटनेनं ओळखलं होतं. आपण मात्र माणसांचा व्यापार म्हटलं की कामाठीपुराच डोळ्यापुढं आणतो. तिथलं दुःख खोटं नाही. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, जोगतिणी, मुरळ्यांशी बोलले होते, हा धंदा सोडा म्हणाले होते. त्यासाठी १९५६ सालचा वेगळा कायदा आहे. पण उसाचा फड, वीटभट्टी, विहीर यांनाही २३ च लागू आहे. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की पोटाच्या मारानं किमान वेतनापेक्षा कमीवर राबावं लागणं हीसुद्धा बळजबरीची मजुरी आहे. भूक हीच जबरदस्ती धरली कोर्टानं. जमादारसाहेब, ऐकताय ना?

आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा! त्यात काय लिहिलंय ते वाचून मी रात्रभर झोपलो नाही. असल्या कर्जाची जबाबदारी कायद्यानंच संपलेली आहे, फेडायचं काही उरतच नाही. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं सावकारावर, मजुरावर नाही. आणि कलम ९ म्हणतं, असं संपलेलं कर्ज वसूल करणं हाच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि घेतलेली रक्कम मजुराला परत द्यायला कोर्ट लावू शकतं. म्हणजे मायच्या दोन शेळ्या आणि माझे दहा महिने, हे मुकादमानं घेतले तोच गुन्हा. आणि आम्ही तो त्याच्या हातात मोजून दिला, वर त्याला रामराम केला.

वेठबिगारी कुठं चालू आहे का, याची चौकशी करणं हे जिल्हाधिकाऱ्याचं आणि त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. माणूस सापडला की त्याला मुक्ततेचा दाखला द्यायचा. सगळं त्या दाखल्यावर अडतं. दाखला असेल तर केंद्राच्या योजनेतून, २०२२ पासून, तीस हजारापर्यंत तातडीची मदत, खटल्याचा निकाल लागो न लागो. पुढं पुनर्वसनाला पुरुषाला एक लाख, बाई-लेकराला दोन लाख, व्यापारात विकलेल्या किंवा फारच हाल झालेल्या माणसाला तीन लाख. पण ही मोठी रक्कम आरोपी दोषी ठरण्याला बांधून ठेवलीय. साक्षीदार दुसऱ्या जिल्ह्यातला मजूर, तारखेला जायला एसटीचं भाडं नाही, आणि म्हणे दोषी ठरू द्या! ही गाठ कोणी मारली, त्याला एकदा उसाच्या फडावर आणला पाहिजे. वकील मात्र फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात अनुसूचित जातीचा माणूस आणि अपव्यापाराचा किंवा बिगारीचा बळी, दोघांनाही उत्पन्न न बघता हक्क आहे. दादाला तो दोन्ही बाजूंनी होता. वापरला एकाही बाजूनं नाही.

आता एक कडू गोष्ट. लिहू का नको, आठ दिवस विचार केला. आमचा मुकादम आपल्यातलाच. चौदा एप्रिलच्या वर्गणीच्या यादीत त्याचं नाव वर असतं. निळा फेटा बांधून मिरवणुकीत पुढं असतो. अॅट्रॉसिटीत वेठबिगारीचं कलम आहे, पण आरोपी आपल्याच यादीतला असला की ते लागत नाही. त्याच्यावरही वाहतूक ठेकेदाराचं कर्ज आहे, मला माहीत आहे, तोही एका वहीत अडकलाय. तरी त्याची वही आमच्या लेकरावर चालली, हे मी विसरू कसा? कार्यकर्ते त्याला 'साहेब' म्हणतात. मीही म्हणत होतो.

आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप लिहिला ते हे. त्या १९७६ च्या कायद्यात कलम १३ आहे. दर जिल्ह्याला आणि दर उपविभागाला एक दक्षता समिती. निलंगा उपविभाग आहे, म्हणजे तिथंही हवी. त्या समितीत तीन माणसं अनुसूचित जाती-जमातीची, त्याच भागात राहणारी, असलीच पाहिजेत. तीन खुर्च्या! ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डासाठी आपण डोकी फोडतो. या तीन खुर्च्यांवर कोण बसलंय हे मी आजवर ज्याला विचारलं, त्यानं उलट मलाच विचारलं, असली समिती असते का?

म्हणून गेल्या महिन्यात सुट्टी टाकून निलंग्याला गेलो आणि उपविभागीय अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला. माहितीच्या अधिकारात. समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, त्या तिघांची नावं काय. एका पाठकोऱ्या पावतीवर आधी कच्चा लिहिला, मग चांगल्या कागदावर. शिक्का मारलेली पोच घेतली.

पोच घेऊन घरी गेलो तर वस्तीच्या तोंडाला जीप उभी. दसरा चार दिवसांवर. दादा ओट्यावर, शेजारी मुकादम. पत्रे आता गळायला लागलेत, लेकराला शाळेत घालायचंय, डाळ मिलमध्ये दादाला घ्यायला शेठ तयार नाही. मुकादम ऐंशी हजार म्हणत होता. मी पोच दादाच्या हातात दिली. त्यानं शिक्का बघितला, उलटी केली, मागं काही लिहिलंय का बघितलं.

"ह्याच्यानं काय व्हईल?"

मला सांगता येईना. तीस दिवसांत उत्तर येतं म्हणालो.

मुकादम हसून म्हणाला, "कवी झालाय तुझा भाऊ."

तोवर कधीच मधी न बोलणारी वहिनी चुलीपुढून बोलली. बाहेर आली नाही, धुरातूनच बोलली. "भाऊजी, त्या तिघातली एखादी बाई हाय का, त्ये बी इचारा. आन् तवर कोयता घरी ऱ्हाऊ द्या."

दादानं पोच घडी करून खिशात ठेवली. मुकादम उठला, चप्पल घातली आणि म्हणाला, "परवा येतो मी."