अंग माझं

आमच्या वस्तीत बाईच्या अंगाला मालक फार. नवरा मारतो, भांडीवाल्या घरची मालकीण वाकवते, विरार लोकल चेंगरते. एवढं होऊन जे उरतं ते बाईचं. उरतं काय, तुम्हीच सांगा.

नालासोपारा पूर्वेला मी बारा वर्षं संसार केला. कसला संसार, मारच. मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात कागदावर लिहिलं, 'घरात पडली.' मी सांगत होते, पडली न्हाय, पाडली. लिहिणाऱ्यानं मान वर केली नाही. घरातल्या हिंसेविरुद्धचा 2005 चा कायदा 2006 पासून लागू होता. आमच्या दारात तो कुणी आणला नाही. शेवटी पोरीला घेऊन मीच बाहेर पडले.

मार थांबला की बाई सुटली, असं लोक समजतात. अंग सुटत नाही. कडी वाजली की खांदे कानाला लागायचे. झोपेत दात आवळलेले. श्वास छातीच्या वरच वर. डोक्याला कळलं, नवरा इथं नाही. पाठीला कळत नव्हतं.

शेजारची मावशी म्हणाली, "चल गं चालाया."

म्हटलं, "मावशे, चार घरची कामं करती. दिसभर चालतीच की."

"त्ये लोकांसाठी. ह्ये तुझ्यासाठी."

बाई राबते म्हणजे तिचा व्यायाम होतो, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. राबताना अंग दुसऱ्याच्या हुकमात असतं. घाई, धाक, खाडा झाला तर पगार कापला. चालताना वेग माझा. थांबावं वाटलं तर थांबते. इतकाच फरक, पण मला तो कळायला महिना लागला. पहिल्या दिवशी मी दोन्ही हात पोटाशी धरून चालत होते. मार चुकवायची सवय. मावशी ओरडली, "हात हलीव की!"

आता रविवारी आम्ही सहाजणी पूल ओलांडून पश्चिमेला सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत जातो. पायात चपला. 2011 पासून इथं मॅरेथॉन होते, तिच्यातले बूट आमच्याकडे नाहीत. हा स्तूप 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात अशोक सांगतो, आधीचे राजे शिकारीला निघत, मी धम्मयात्रेला निघालो. आमच्या घरात शिकारच चालली होती.

अमेरिकेत बोस्टनकडच्या डॉक्टरांनी 2014 साली 64 बायकांचा अभ्यास छापला. जुन्या अत्याचाराचा धसका, उपचारानंही न हटलेला. दहा आठवडे योगासनं केलेल्यांत निम्म्याजणींचा धसका आजार म्हणण्याइतका राहिला नाही. नुसत्या आरोग्याच्या वर्गाला बसलेल्यांत पाचातली एक. मावशीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "त्येंला आत्ता कळलं व्हय?"

चालून पोटगी मिळत नाही. भाडं भरलं जात नाही. कोर्टाची तारीख पडायची ती पडतेच. पण तारखेला उभी राहते तेव्हा पाय लटलटत नाहीत. रात्री चार तास सलग झोप लागते. लोकलमध्ये कुणी कोपर खुपसलं तर "ए बाई, हात आत घे" म्हणते. पूर्वी मीच आक्रसायची.

20 जुलै 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभ्या राहा, गुलाम व्हायला नकार द्या. उभं राहायचं तर पाठ सरळ पाहिजे. ती आमची आम्ही सरळ करतोय.

आणि भावांनो, जयंतीला निळा झेंडा घेऊन तुम्ही पुढं असता. रात्री घरी जाऊन त्याच हातानं बायकोला मारता. हे बाबासाहेबांच्या फोटोखाली चालतं. फोटो उतरवू नका. हात उतरवा.