कुठले पंडित?

मराठी माणसाला आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पंडित? कुठले पंडित?" मग गाव निघतं, गावावरून कुलदैवत, कुलदैवतावरून कुणाची तरी मावससासू, आणि चहा निवायच्या आत समोरचा माणूस आपल्या नात्यागोत्यांच्या जाळ्यात कुठेतरी अडकतोच. मला हा प्रश्न फार चोंबडा वाटायचा. कोर्ला पंडितची गोष्ट कळली आणि हे मत थोडं डळमळलं.

१९४९ साली लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीवर एक देखणा तरुण दिसू लागला. डोक्याला फेटा, फेट्यावर कपाळाच्या मधोमध एकच खडा, डोळे मोठे आणि पाणीदार. एक हात हॅमंड ऑर्गनवर, दुसरा पियानोवर. बोलायचा मात्र नाही. नऊशेच्या घरात कार्यक्रम झाले, त्यांत तोंडातून अवाक्षर नाही. नुसता कॅमेऱ्यात बघायचा, आणि घरोघरच्या बायकांना वाटायचं, हा आपल्याकडेच बघतोय. परिचय असा : जन्म नवी दिल्लीचा, वडील ब्राह्मण, आई फ्रेंच ऑपेरा गायिका, बालपण इंग्लंडात, पुढचं शिक्षण शिकागोत.

आता दिल्लीच्या ब्राह्मणाच्या फेट्यावर रत्न कुठून आलं आणि 'कोर्ला' हे कुठल्या पंचांगातलं नाव, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतं. पण तिथं ही आजी नव्हती. १९४६च्या कायद्यानं भारतीयांसाठी अमेरिकेचं दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. विचारणार कोण? गंमत म्हणजे त्याच १९४९मध्ये भारताच्या राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेल्या त्या विजयालक्ष्मी पंडित. त्यांचं आडनाव सासरचं, कोकणात मूळ असलेल्या रणजित सीताराम पंडितांचं. म्हणजे त्या पंडितांना गाव होतं.

गाव कोर्लालाही होतं, पण ते मिझुरीत. खरं नाव जॉन रोलंड रेड. जन्म सेंट लुईसचा, १६ सप्टेंबर १९२१. वडील बाप्टिस्ट पाद्री, घर कृष्णवर्णीयांचं, भावंडं बरीच. लहानपणी त्याच्याबरोबर वाढलेला जॅझ पियानोवादक चार्ल्स थॉम्पसन सांगायचा की हा पोरगा एकदा ऐकलेलं गाणं लगेच जसंच्या तसं वाजवून दाखवायचा. असा हात असलेला मुलगा लॉस एंजेलिसला आला, तर तिथं वादकांच्या संघटनाही दोन : एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. बरं काम गोऱ्यांच्या संघटनेकडे. मग जॉन रेडचा 'हुआन रोलांदो' झाला, मेक्सिकन. १९४४ साली डिस्नेत काम करणाऱ्या एका गोऱ्या चित्रकर्तीशी त्यानं लग्न केलं. कॅलिफोर्नियात असलं लग्न १९४८पर्यंत बेकायदेशीर होतं. पंडिताचा अवतार नवराबायकोनं मिळून घडवला.

या फेट्याला फसवणूक म्हणताना माझी जीभ अडखळते. १९४७ साली जेसी राउटे नावाचा न्यूयॉर्कचा एक कृष्णवर्णीय पाद्री फेटा आणि झगा घालून अलाबामातल्या मोबीलला गेला. चार वर्षांपूर्वी तिथंच त्याचा अपमान झाला होता. या खेपेला परदेशी पाहुणा म्हणून त्याची सरबराई झाली. माणूस तोच, कातडी तीच. बदललं होतं ते डोक्यावरचं चार हात कापड.

कोर्ला पंडित १९९८च्या ऑक्टोबरमध्ये वारला, पंडित म्हणूनच. २००१ साली आर. जे. स्मिथ या पत्रकारानं लॉस एंजेलिसच्या एका मासिकात त्याची खरी कुळकथा छापली. वंशावळी धुंडाळणाऱ्याला यात एक मौज दिसेल. अमेरिकेत शिरगणतीचे कागद बहात्तर वर्षं मिटलेले असतात. १९२०ची शिरगणती झाली तेव्हा हा जन्मलाच नव्हता, आणि १९३०ची खुली झाली ती २००२च्या एप्रिलमध्ये, म्हणजे लेख छापून झाल्यावर. त्या शिरगणतीत माणसाच्या वर्णाचा वेगळा रकाना असे, आणि तो दारात आलेला कारकून भरत असे. नाव बदलणाऱ्याच्या नावानं शोध घेऊन काही हाती लागत नाही. त्यानं मागे सोडलेल्या भावाबहिणींची नावं धरून जावं लागतं, कारण त्यांनी ती बदललेली नसतात.

याची उलटी वाट आपल्या मुंबईतून निघते. मर्ल ओबेरॉन, हॉलिवूडची तारका, १९३५च्या 'द डार्क एंजल'साठी ऑस्करचं नामांकन मिळालेली. ती जन्म सांगायची टास्मानियातल्या होबार्टचा. खरा जन्म १९११चा, मुंबईचा. मिश्र रक्ताची, सावळी आई शार्लट इंग्लंडात तिच्या घरी राहायची, पण आल्यागेल्याला ती मोलकरीण म्हणून दाखवली जायची. पुढे एका सावत्र भावानं मुंबईतला जन्मदाखला मिळवला, तर त्यात आई म्हणून नाव शार्लटच्या मुलीचं, कॉन्स्टन्सचं. बाळंतपणाच्या वेळी वय बारा. म्हणजे मर्लनं आईला मोलकरीण केलं, आणि आई मुळात निघाली आजी. भाऊ भेटायला गेला तेव्हा तिनं भेट नाकारली. तो दाखला वाचणाऱ्याच्या हाताला काय झालं असेल, असं मला राहून राहून वाटतं.

आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत एखाद्या नावापुढे नुसतं 'परागंदा' असं लिहिलेलं असतं. पुढे रेघ नाही, लेकरंबाळं नाहीत. लहानपणी मी तो एखादा रोग समजत असे. रेड कुटुंबाला मात्र तसं काही लिहावं लागलं नसतं, कारण त्यांचा जॉन हरवलाच नव्हता. रोज दिसायचा. घरच्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ते गप्प राहिले. सख्खा भाऊ अर्नेस्ट, ज्याला 'स्पेक' म्हणत, आयोवातल्या डे मॉइन शहरात पियानो वाजवायचा, रेड याच नावानं. दोघांच्या बोटांत एकाच घरातलं संगीत. पडद्यावरचा भाऊ तोंड उघडत नव्हता. आयोवातल्या भावाला तोंड उघडता येत होतं, त्यानंही ते उघडलं नाही.