भिंतीवरचा वर्ग

वहीतला निबंध एकच माणूस वाचतो आणि तोही वाचत नाही, तपासतो. मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून 'माझा आवडता सण' दरवर्षी त्याच पुरणपोळीने संपतो.

नागपूरच्या शाळेत मराठी शिकवताना मला सर्वांत जास्त कामी आलं ते भित्तिपत्रक. जिन्याजवळच्या फळ्यावर कार्डशीट, टाचण्या आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. प्रत्येक लेखाखाली निम्मा कागद कोरा ठेवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे लिहायचं. अट एकच: नुसतं 'छान' लिहायचं नाही. काय आवडलं, काय कळलं नाही, ते लिहा. ही अट नसेल तर सगळा कोरा भाग 'छान'ने भरतो आणि लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

तान्ह्या पोळ्यानंतरची गोष्ट. इतवारीत राहणाऱ्या सातवीतल्या एका मुलीने मारबतीवर लिहिलं होतं, म्हणजे काळी आणि पिवळी मारबत हे दोन मोठे पुतळे आणि सोबत कुणावर तरी टीका करणारे बडग्यांचे पुतळे निघतात त्या मिरवणुकीवर. गर्दी खूप होती, मजा आली, वगैरे. खाली नववीतल्या कुणीतरी खरडलं, 'काळी अन् पिवळी भेटल्या तवा काय झालं, ते तं लिवलंच नाही!' दुसऱ्याने विचारलं, 'बडग्या कोणावर होता?' पोरगी चिडली. पण घरी जाऊन आजोबांना धरून बसली. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, हे तिला तिथे कळलं. नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर आल्या तेव्हा आपण काकाच्या खांद्यावर होतो, हे तिलाच नव्याने आठवलं. दुसऱ्या मसुद्यात घोषणा आल्या, महागाईचा बडग्या आला, बांबूच्या सांगाड्यावर डकवलेले कागद आले. मी शेऱ्यात 'अधिक तपशील हवेत' असं लिहिलं असतं, तर तिने दोन विशेषणं वाढवून वही परत दिली असती.

'तवा', 'लिवलं' मी खोडत नाही. लेखातलं शुद्धलेखन टाचणी लागण्याआधी शेजारी बसून बघतो, पण कुणाच्या तोंडचं बोलणं असेल तर ते तसंच जातं. स्टाफरूममध्ये यावरून वाद होतात. होऊ देत.

यात माझं नवं काही नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत आणि वसतिगृह सांभाळत, तेव्हा मुलांसाठी हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढत. दैनिक! मला पंधरवड्याला एक अंक लावताना घाम फुटतो. तिकडे फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने 1924 मध्ये वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, फार वेळ बोलणं झेपायचं नाही. मग मुलांनीच लिहायचं, खिळे जुळवायचे, छापायचं आणि दूरच्या शाळेला पाठवायचं. तिकडून उत्तर यायचं. अनोळखी मुलांना आपलं गाव समजावून सांगायचं म्हणजे गावाकडे नीट बघावं लागतं. आमच्या नववीने सातवीसाठी तेच केलं, फक्त जिन्याच्या अंतरावरून.

मात्र सगळंच भिंतीवर लावायचं नसतं. मुलं मोकळी झाली की घरचंही लिहितात. बापाचं पिणं, थकलेलं भाडं, आईचं रडणं. लिखाण ताकदीचं असतं आणि लावण्याचा मोह होतो. पण मधल्या सुट्टीत तीच ओळ पाठीमागून ऐकावी लागली तर ते पोट्टं पुन्हा पेन धरणार नाही. म्हणून आमच्याकडे कागदाच्या मागे 'नको' लिहायची सोय आहे. 'नको' असलेला कागद मी एकटाच वाचतो आणि मागच्याच बाजूला उत्तर लिहितो, शेरा नाही. आणि कधीकधी 'नको' लिहिलेलं नसलं तरी मी त्या मुलाला बोलावून विचारतो, 'बघ बाप्पा, हे खरंच लावायचं का?'