फ्रीटाउनच्या धक्क्यावरचं घर

“सेवाच करायची, तर इथे काय कमी आहे?”

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा मी बडोद्यातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर चौघांचे पासपोर्ट आणि पिवळ्या तापाच्या लसीची कार्डं लावत बसले होते. मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा प्रश्न कदाचित तुमच्याही मनात आला असेल. एक मध्यमवर्गीय कुटुंब, बँकेतली नोकरी, नवऱ्याचा हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करण्याचा व्यवसाय, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा. हे सगळं थांबवून पश्चिम आफ्रिकेत 10 महिने फुकट काम करायला कोण जातं? त्यातही राहण्या-जेवणाचं शुल्क स्वतःच भरायचं, विमानाची तिकिटंही स्वतःच काढायची. आमची एक ठेव मोडली, बाकीचं आमच्या मंडळीतल्या लोकांनी जमवून दिलं. पाळकांनी प्रार्थना केली आणि ऑगस्ट 2024 मध्ये आम्ही निघालो.

पत्ता: एक जहाज

आमचं घर म्हणजे ‘ग्लोबल मर्सी’ नावाचं जहाज. लांबी 174 मीटर, 12 मजले, 6 शस्त्रक्रियागृहं आणि सुमारे 200 खाटा. ‘मर्सी शिप्स’ ही 1978 मध्ये सुरू झालेली ख्रिस्ती सेवासंस्था ते चालवते. ऑगस्ट 2023 मध्ये हे जहाज सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनच्या बंदरात येऊन लागलं. शस्त्रक्रिया मोफत होतात आणि रुग्णाचा धर्म पाहिला जात नाही.

सर्जनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात. नवऱ्याला यंत्रांचं काम मिळालं, मला भोजनगृहाचं. बँकेत 18 वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांना “पुढच्या खिडकीवर जा” म्हणणारी मी, डोक्यावर टोपी घालून शेकडो लोकांसाठी टेबलं पुसू लागले. पहिले पंधरा दिवस मी रोज मनातल्या मनात चिडत होते. मला वाटलं होतं, कुणीतरी माझा हात धरून आभार मानेल. प्रत्यक्षात मला सांगितलं गेलं की सांडलेला रस आधी कोरड्या फडक्याने टिपायचा.

मुलं जहाजावरच्या शाळेत जायची. धाकटा आठवड्याभरात रुळला. मुलगी मात्र महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मैत्रिणी, नाचाचा क्लास, स्वतःची खोली, सगळं सोडून ती एका छोट्या केबिनमध्ये भावाच्या वरच्या बर्थवर झोपत होती. तुमच्या घरात या वयाचं कुणी असेल, तर तिचं मौन कसं असेल ते मी सांगायला नको.

पण जहाजाच्या शिडीपाशी पहाऱ्याला नेपाळी गुरखा असायचे. पहिल्याच दिवशी त्यातल्या एकाने “नमस्ते दीदी” म्हटलं आणि इतक्या लांब हिंदी ऐकून माझे डोळे भरून आले.

सिंहांचे डोंगर आणि ओळखीची रिक्षा

फ्रीटाउनला तुम्ही गेलात, तर विमान लुंगीला उतरेल. ते खाडीच्या पलीकडे आहे. तिथून बोटीने शहराकडे येताना समोर थेट समुद्रातून उठलेले हिरवे डोंगर दिसतात. पंधराव्या शतकात आलेल्या पोर्तुगीज दर्यावर्दींनी या डोंगरांना सिंहाचं नाव दिलं आणि तेच पुढे देशाचं नाव झालं.

आम्ही पोचलो तो भर पावसाळा. कौलं नाहीत, पत्रे आहेत, एवढाच फरक. बाकी पत्र्यावर पडणारा पाऊस, निसरडे उतार, आंब्याची झाडं पाहून मला कोकणातल्या मावशीचं गाव आठवलं. जेवणही जवळचं वाटलं. कसाव्याचा कुटलेला पाला, पाम तेल, मासे, मिरची आणि ढीगभर भात. तिथे भात खाल्ला नाही तर जेवण झालं असं कुणी मानत नाही. माझी मावशी अगदी हेच म्हणते.

रस्त्यावर उतरलात की तुम्हाला आपली तीनचाकी रिक्षा भेटेल. तिथे तिला ‘केके’ म्हणतात. पुढच्या बाजूला बजाजचं नाव पाहून नवरा ओरडलाच, “ही आपल्या वाळूजची असणार!” त्या दिवशी मुलगी महिन्यात पहिल्यांदा हसली.

या शहराचं नाव उगाच ‘फ्रीटाउन’ नाही. गुलामीतून सुटलेली माणसं 1792 मध्ये अटलांटिक ओलांडून इथे वसायला आली. शहराच्या मध्यभागी त्यांच्या आठवणीशी जोडलेला एक प्रचंड सावरीचा वृक्ष होता. मे 2023 मध्ये तो वादळात कोसळला. आम्ही गेलो तेव्हा लोक उरलेला बुंधा दाखवून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत.

मिशनरी म्हटलं की आपल्यासमोर एक गोरा माणूस उभा राहतो. फ्रीटाउनने माझं हे चित्र पुसलं. सॅम्युएल अजायी क्राउदर हा योरुबा मुलगा गुलामांच्या जहाजावरून सुटून 1822 मध्ये इथे पोचला. 1827 मध्ये सुरू झालेल्या फोरा बे कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता आणि 1864 मध्ये तो अँग्लिकन मंडळीचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. म्हणजे ज्या किनाऱ्यावर आम्ही ‘सेवा करायला’ उतरलो, तिथून सेवेला निघालेली माणसं दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेली होती.

“हाऊ दि बॉडी?”

तिथल्या क्रिओ भाषेत भेटल्यावर विचारतात, “हाऊ दि बॉडी?” म्हणजे, तब्येत कशी आहे? त्यावर उत्तर येतं, “आ टेल गॉड टेन्की.” देवाचे आभार मानतो.

देशात मुसलमान बहुसंख्य आहेत, ख्रिस्ती त्याहून कमी. पण हे उत्तर दोघांच्याही तोंडी सारखंच. एकाच घरात दोन्ही धर्मांची माणसं असणं तिथे नवलाचं नाही. नाताळ आणि ईद दोन्हींना सुट्टी, दोन्हींना शेजाऱ्यांकडे जेवण.

जहाजाच्या वॉर्डात हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं. गळ्यावर नारळाएवढी गाठ घेऊन वर्षानुवर्षं जगलेली बाई ते म्हणायची. वाकडे पाय सरळ करून दोन्ही पायांना प्लास्टर घातलेला मुलगाही ते म्हणायचा. धाकट्याची त्याच्याशी गट्टी जमली, ती लुडोवरून. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण सोंगटी मारल्यावरचा आनंद आणि चिडणं यांना भाषा लागत नाही.

आणि एका रात्री नवऱ्याला बोलावणं आलं. जहाजावर मोठी रक्तपेढी नसते. तिथे राहणारी माणसंच चालती-फिरती रक्तपेढी असतात. गट जुळला की बोलावतात. तो रक्त देऊन आला, सरबत प्यायला आणि झोपला. सकाळी मुलीने विचारलं, “बाबा, कुणाला दिलंत?” तो म्हणाला, “विचारलं नाही.” ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेनंतर वॉर्डात मुलांबरोबर चित्रं काढायला जाऊ लागली. आम्ही तिला जा म्हणालो नव्हतो.

‘नाही’ म्हणायचा दिवस

आता जे सांगायला मी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

जगात सुमारे 500 कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारी आणि वेळेवर शस्त्रक्रिया मिळत नाही, असं ‘लॅन्सेट’ आयोगाने 2015 मध्ये मांडलं होतं. ही संख्या वाचून काही होत नाही. पण रुग्णांच्या रांगेत पाणी वाटायला उभं राहिलं, की ती संख्या एकेक चेहरा होऊन समोर येते.

जहाज सगळे आजार बरे करू शकत नाही. ज्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ आहे, ती होते. हृदयाची शस्त्रक्रिया तिथे होत नाही. पसरलेल्या कर्करोगावर इलाज नसतो. काहींना वर्षानुवर्षं उपचार लागणार असतात आणि जहाज तर जाणार असतं. म्हणून खूप जणांना ‘नाही’ ऐकावं लागतं.

त्या दिवशी एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलाला पाठीला बांधून आली होती. दूरच्या जिल्ह्यातून, दोन गाड्या बदलून. मुलाचे ओठ निळसर होते. नर्सने शांतपणे, दुभाष्याकडून तिला समजावलं. मी पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी होते. बाईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मीच रडले. तेव्हा तिने माझ्या हातातला पेला घेतला, मुलाला पाजला आणि माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “उश या.”

क्रिओमध्ये दुसऱ्याच्या दुःखात असं म्हणतात. वाईट वाटलं गं, धीर धर.

मी तिचं सांत्वन करायला गेले होते. सांत्वन तिने केलं. माझ्या मनात सेवेचं जे चित्र होतं, त्यात देणारी मी होते आणि घेणारी ती. ते त्या पेल्याबरोबर तिथेच संपलं.

रात्री मुलीने विचारलं, “मग आपण इथे येऊन उपयोग काय?” नवऱ्याने तिला त्याच्या कामाची गोष्ट सांगितली. शहरातल्या एका रुग्णालयात भूल देण्याचं यंत्र कोपऱ्यात पडून होतं. एक सुटा भाग नव्हता आणि विजेचा दाब वरखाली होत होता. तिथल्या तरुण तंत्रज्ञाबरोबर बसून त्याने ते चालू केलं. मग तेच काम त्या मुलाने दुसऱ्या यंत्रावर एकट्याने केलं. “मी निघून जाईन,” नवरा म्हणाला, “तो इथेच असेल.” संस्थाही म्हणूनच स्थानिक डॉक्टर, नर्स आणि तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणावर भर देते. निळ्या ओठांच्या त्या मुलाला याने काही मिळालं नाही, हे मुलीला कळत होतं. आम्हीही तिला खोटं सांगितलं नाही.

घरून आलेला फोन

डिसेंबरात बडोद्याहून फोन आला. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, मनगट मोडलं. भारताची वेळ तिथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे. आम्हाला कळेपर्यंत प्लास्टर घालून झालं होतं. शेजारच्या भाभींनी त्यांना रिक्षात घालून नेलं, रात्र दवाखान्यात काढली आणि पुढचे दीड महिने रोज दोन्ही वेळचा डबा दिला.

“सेवाच करायची, तर इथे काय कमी आहे?” तो प्रश्न त्या रात्री पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. मी हजारो मैलांवर परक्यांची टेबलं पुसत होते आणि माझ्या माणसाला भाभी वेणी घालून देत होत्या.

मी फोनवर आईंना म्हटलं, “आम्ही परत येतो.” त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझ्या आजीचा डोळा कुणी वाचवला होता?”

माझं माहेर मिरजेचं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं. आजीच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली ती पुढे त्याच रुग्णालयात. ही गोष्ट लग्नानंतर मीच सासूबाईंना कौतुकाने सांगितली होती. त्या म्हणाल्या, “त्या डॉक्टरलाही घरी आई असेलच. तिनेही विचारलं असेल, इथे काय कमी आहे म्हणून. काम पुरं करून या.”

तुम्हालाही जावंसं वाटलं तर

कुटुंबासह अशा कामाला जायचा विचार असेल, तर आमच्या अनुभवातलं थोडं सांगते.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्या आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. ते कार्ड सिएरा लिओनमध्ये शिरतानाही लागतं आणि भारतात परतताना तर नक्कीच पाहतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोला.

परतल्यानंतरच्या चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. नोकरी लगेच मिळेलच असं नाही.

मुलांना विचारा, नुसतं सांगू नका. आम्ही मुलीला सांगितलं होतं. ती चूक होती, आणि मी नंतर तिची माफी मागितली.

आणि घरी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांची सोय कोण बघणार, ते नाव घालून ठरवा. आम्ही ‘होईल काहीतरी’ म्हणून निघालो होतो. शेजार चांगला होता म्हणून निभावलं.

परत आल्यावर

जून 2025 मध्ये आम्ही बडोद्याला आलो. सासूबाईंचं मनगट अजून पूर्ण वळत नाही. पोळ्या आता मी लाटते, त्या शेजारी बसून आकाराला नावं ठेवतात. रविवारी मी भाभींकडे डबा पाठवते. दीड महिन्याची फेड त्याने होणार नाही, हे दोघींनाही माहीत आहे.

शनिवारी मुलगी आणि मी एका सरकारी दवाखान्यात जातो. केसपेपर भरून देणं, कुठली खिडकी कुठे आहे ते दाखवणं, एवढंच काम. कधी एखाद्याला तिथेही ‘नाही’ ऐकावं लागतं. तेव्हा मी काही बोलत नाही. पाण्याचा पेला देते आणि शेजारी बसते.

म्हणजे सासूबाईंचं खरंच होतं. इथेही काही कमी नाही. फक्त ते मला दिसायला लागलं तिथे जाऊन आल्यावर.