बडोद्यात डोंगर नाही

बडोद्यात डोंगर नाही. पावागड आहे, पण तो शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तरी आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये नजर टाकलीत, तर बऱ्याच सायकली डोंगरावरच्या निघतील: जाड बटणवाले टायर आणि पुढे स्प्रिंगचा सस्पेन्शन फोर्क. माझीही तशीच होती, कॉलेजात असताना घेतलेली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि ऑफिसच्या तळघरात उभी असलेली माझी स्कूटर पाण्यात गेली. नवी घ्यायची म्हणजे पुन्हा हप्ते. मी म्हटलं, काही महिने सायकलनं जाऊन बघतो. आई म्हणाली, "बघ बाबा. पण हात-पाठ धरली, तर मुकाट्यानं स्कूटर घ्यायची." म्हणजे सायकल रोजच्या कामाला लावायची होती आणि मुदतही ठरली होती.

माझा रस्ता दांडिया बाजार ते रेसकोर्स, जाऊन-येऊन दहाएक किलोमीटर. कोठीवरून कीर्तिमंदिराकडे, विश्वामित्रीचा पूल ओलांडून काळा घोडा, मग आर्ट्स फॅकल्टीचा घुमट, स्टेशन आणि अलकापुरीचं गरनाळं. पावसात गरनाळं भरलं, की वळसा घालून जेतलपूरच्या पुलावरून. या सपाट शहरात चढ म्हणावा असा तेवढाच, आणि तिथेच फोर्कचं खरं रूप कळलं. उभं राहून पेडल मारलं, की पुढचा भाग खाली-वर डुलायचा. पायातला जोर चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जिरायचा. शिवाय फोर्क जुना झालेला, ब्रेक दाबला की खडखडायचा.

रावपुऱ्यातल्या सायकलवाल्या काकांनी पाहिलं आणि सांगितलं, की या स्वस्त फोर्कची दुरुस्ती परवडणार नाही. साधा चिमटा टाका. चिमटा म्हणजे स्प्रिंग नसलेला, ताठ फोर्क. माझे आजोबा कोठीच्या कचेरीत ज्या काळ्या सायकलवर जात, तिला तसाच होता. धक्का खायला मोठी चाकं आणि सीटखाली स्प्रिंगा.

पण दिसेल तो चिमटा बसत नाही. पहिली गोष्ट, लांबी. चाकाच्या आसापासून फोर्कच्या माथ्यापर्यंत माझा जुना फोर्क ४७० मिलिमीटर होता. बसल्यावर तो वीस-पंचवीस मिलिमीटर दबायचा, म्हणून नवा ४४५ चा घेतला. फार आखूड घेतला तर सायकल पुढे झुकते आणि हँडल चंचल होतं; वीस मिलिमीटरला साधारण एक अंशाचा फरक पडतो. दुसरी, फ्रेममधून वर जाणाऱ्या दांड्याची जाडी. माझ्या फ्रेमला वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा, सव्वा इंचाहून थोडा कमी असा दांडा लागतो. खाली जाड होत जाणारा दांडा तिच्यात शिरणार नाही. तिसरी, डिस्क ब्रेक असेल तर तो लावायची जागा नव्या फोर्कवर हवी.

जुन्या फोर्कच्या माथ्यावरची बेअरिंगची कडी काढून नव्यावर ठोकली, दांडा मापून कापला, आणि तासाभरात काम झालं. जुना फोर्क अडीच किलोचा होता, नवा स्टीलचा सव्वा किलोच्या आत. टायर, फोर्क, मजुरी मिळून पाच हजारांच्या आत भागलं.

आता धक्के कोण खातं? टायर. बटणवाले काढून दोन इंची गुळगुळीत टायर घातले आणि हवा पुढे ३५, मागे ४५ ठेवली. हवा दगडासारखी ठासून भरली असती, तर आईची अट महिन्याभरात पुरी झाली असती. बाकीचं काम कोपरं करतात. हात सैल ठेवले, की खड्ड्याचा दणका खांद्यापर्यंत येत नाही.

मला मात्र शहर नव्यानं कळलं. कोठीजवळ डांबर कुठे उखडलंय, पुलाचा सांधा कुठे लागतो, गरनाळ्याच्या उतारावर कुठे चर आहे, हे आता तळहाताला पाठ आहे. स्प्रिंग होती तेव्हा खड्डा आला काय, गेला काय. आता खड्डा लांबूनच बघावा लागतो. वेग थोडा कमी होतो, पण त्यामुळेच रोज जाता-येता तांबेकर वाड्याच्या गल्लीकडे नजर जाते आणि काळ्या घोड्यावरच्या सयाजीरावांना मान वर करून बघणं होतं.

तुमच्यापैकी कुणी पावागडच्या पायवाटांवर सायकल नेत असेल, किंवा मनगटाचं दुखणं असेल, तर स्प्रिंग राहू द्या. बदललात, तर बाहेर काढण्याआधी पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागे-पुढे हलवा. फोर्कच्या माथ्यापाशी खटखट झाली, तर ती परत कसून घ्या.

पावसाळा आला आणि गेला. हात-पाठ शाबूत आहेत, स्कूटर घेतलेली नाही. फक्त रविवारी सकाळी सायकल जागेवर नसते. बाबा ती घेऊन कमाटीबागेत गेलेले असतात.